कमी उंचीच्या सायकलस्वारासाठी रोड बाइकची फ्रेम कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उंची १५५ सेंटीमीटर आहे. मी कोणत्या साइजची रोड बाइक घ्यावी?

केवळ उंचीवरून खात्रीचे उत्तर देता येत नाही, पण शोध कुठून सुरू करावा एवढे सांगता येते. साधारणपणे १५० ते १५८ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीने ४४ ते ४८ या पट्ट्यातल्या, आणि १५८ ते १६५ सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीने ४८ ते ५१ या पट्ट्यातल्या फ्रेम आधी पाहाव्यात. काही कंपन्या आकड्यांऐवजी एक्सएक्सएस, एक्सएस, एस अशी अक्षरे वापरतात आणि एका कंपनीचा एक्सएस दुसऱ्या कंपनीच्या एसएवढा असू शकतो. त्यामुळे हे पट्टे फक्त सुरुवातीसाठी आहेत, निर्णय त्यांच्यावर सोडू नये.

सारख्याच उंचीच्या दोन व्यक्तींच्या पायांच्या लांबीत चार-पाच सेंटीमीटरांचा फरक सहज असतो. ज्यांचे पाय लांब आणि धड आखूड असते त्यांना सीट वर आणि हँडल जवळ लागते. ज्यांचे धड लांब असते त्यांना तीच फ्रेम कोंडल्यासारखी वाटते. माझ्या मते कमी उंचीच्या स्वाराने एक गोष्ट मनात पक्की ठेवावी. सीट वर-खाली करता येते, त्यामुळे सीटची उंची ही सहसा अडचण नसते. अडचण असते ती सीटपासून हँडलपर्यंतच्या अंतराची, आणि फ्रेम एकदा घेतल्यावर हे अंतर फार थोडे बदलता येते. पुढची बहुतेक उत्तरे याच मुद्द्याभोवती आहेत.

फ्रेमवर ४८ किंवा ५० असा आकडा लिहिलेला असतो. तो नेमका कशाचा?

मुळात हा आकडा सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) लांबीचा, म्हणजे क्रँकचा (पेडलांच्या दांड्यांचा) आस जिथे बसतो त्या बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून वर सीट ट्यूबच्या टोकापर्यंतच्या अंतराचा होता. काही कंपन्या हे अंतर ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंत मोजत, तर काही टॉप ट्यूबच्या (सीटकडून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीच्या) मध्यरेषेपर्यंत. म्हणजे तेव्हाही दोन कंपन्यांचे आकडे जुळत असत असे नाही. तरीही टॉप ट्यूब जमिनीला समांतर असल्यामुळे सीट ट्यूबच्या लांबीवरून उरलेल्या फ्रेमचा अंदाज बांधता येत असे.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सायकल रचनाकार माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी टीसीआर ही मागे उतरत्या टॉप ट्यूबची सायकल घडवली आणि हळूहळू बहुतेक सर्व कंपन्यांनी ती रचना स्वीकारली. टॉप ट्यूब उतरती झाल्यामुळे सीट ट्यूब बरीच आखूड झाली आणि तिची लांबी साइज सांगण्यास निरुपयोगी ठरली. आज ५० असे लिहिलेल्या फ्रेमची सीट ट्यूब प्रत्यक्ष मोजली तर ती ४५ सेंटीमीटरही भरू शकते. म्हणून हा आकडा फक्त एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलमधले लहान-मोठे साइज ओळखण्यापुरता वापरावा.

शरीराची मापे घरी कशी घ्यावीत?

सर्वांत महत्त्वाचे माप पायांच्या आतल्या बाजूच्या लांबीचे आहे, ज्याला सायकलच्या दुकानात इनसीम म्हणतात. बूट काढून, टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभे राहावे आणि दोन्ही पावलांमध्ये सुमारे वीतभर अंतर ठेवावे. एक कडक पुठ्ठ्याचे पुस्तक घेऊन त्याचा कणा वर येईल आणि एक कड भिंतीला पूर्ण चिकटलेली राहील असे ते मांड्यांमध्ये धरावे. सीटवर बसल्यावर जेवढा दाब जाणवतो तेवढा दाब येईपर्यंत ते वर सरकवावे. पुस्तक तिरके झाले की माप चुकते. त्यामुळे दुसऱ्या कोणाला तरी कण्याच्या वरच्या कडेशी पेन्सिलीने भिंतीवर खूण करायला सांगावे आणि मग जमिनीपासून त्या खुणेपर्यंत टेप लावावी. हे तीन वेळा करावे आणि एखादे माप अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त वेगळे आले तर पुन्हा मोजावे. पँटच्या लेबलवरची लांबी या कामासाठी चालत नाही, कारण ती बहुधा बरीच कमी असते.

यानंतर खांद्याच्या बाहेरच्या हाडापासून मुठीत धरलेल्या पेन्सिलीपर्यंत हाताची लांबी, दोन्ही खांद्यांच्या हाडांमधले अंतर आणि पुस्तकाच्या खुणेपासून गळ्याच्या खालच्या खळग्यापर्यंत धडाची लांबी घ्यावी. ही मापे लिहून ठेवली तर पुढे प्रत्येक सायकलची तुलना याच आकड्यांशी करता येते.

स्टॅक आणि रीच म्हणजे काय? त्यांना इतके महत्त्व का?

बॉटम ब्रॅकेटच्या मध्यातून एक सरळ उभी रेषा वर नेली आणि हेड ट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या, हँडलखालच्या नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापासून एक आडवी रेषा मागे आणली, तर उभ्या रेषेवरचे अंतर हा स्टॅक आणि आडव्या रेषेवरचे अंतर हा रीच होय. फ्रेमची पुढची बाजू किती उंच आहे हे स्टॅक सांगतो आणि ती किती दूर आहे हे रीच सांगतो. सीट, स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा आडवा तुकडा), हँडल हे सर्व बदलले तरी या दोन मापांत फरक पडत नाही. म्हणूनच दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम एकमेकींशी ताडून पाहण्याचा हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. जवळपास प्रत्येक कंपनी आता आपल्या जॉमेट्रीच्या, म्हणजे फ्रेमच्या मापांच्या आणि कोनांच्या, तक्त्यात ही मापे देते. तक्ताच न देणाऱ्या विक्रेत्याकडून न पाहता सायकल मागवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

तक्त्यात सर्वांत छोट्या साइजची टॉप ट्यूब खूपच आखूड दिसते. म्हणजे ती फ्रेम माझ्यासाठी तेवढीच आखूड असेल ना?

कमी उंचीच्या स्वारांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून हे उत्तर आकड्यांनिशी पाहणे आवश्यक आहे. उदाहरणादाखल स्पेशलाइज्ड कंपनीच्या टार्मॅक एसएल ७ या प्रसिद्ध रोड बाइकचा तक्ता घेऊ. तिच्या ५६ साइजमध्ये रीच ३९५ मिलिमीटर, स्टॅक ५६५ मिलिमीटर आणि सीट ट्यूबचा कोन ७३.५ अंश आहे. ४४ या सर्वांत छोट्या साइजमध्ये रीच ३६६ मिलिमीटर, स्टॅक ५०१ मिलिमीटर आणि सीट ट्यूबचा कोन ७५.५ अंश आहे. आडव्या रेषेत मोजलेली टॉप ट्यूब ५६ साइजला सुमारे ५६ सेंटीमीटर आणि ४४ साइजला सुमारे साडेएकोणपन्नास सेंटीमीटर भरते. म्हणजे टॉप ट्यूब साडेसहा सेंटीमीटरांहून अधिक कमी झाली, पण रीच तीन सेंटीमीटरही कमी झाला नाही.

मधले सेंटीमीटर गेले कुठे, याचे बरेचसे उत्तर सीट ट्यूबच्या कोनात दडलेले आहे. छोट्या फ्रेमची सीट ट्यूब अधिक उभी केली की तिचे वरचे टोक पुढे सरकते, आणि त्या टोकापासून मोजलेली टॉप ट्यूब कागदावर आखूड होते, मात्र बॉटम ब्रॅकेटपासून हँडलपर्यंतचे अंतर होते तेवढेच राहते. बॉटम ब्रॅकेटपासून ६० सेंटीमीटर उंचीवर असलेली सीट कोन एका अंशाने वाढल्यास सुमारे एक सेंटीमीटर पुढे येते. आता स्वाराला पेडल मारण्यासाठी सीट जिथे हवी तिथे आणायची तर ती सीटखालच्या रुळांवरून पुन्हा मागे ढकलावी लागते, आणि तसे केले की कोनामुळे टॉप ट्यूबमध्ये वाचलेले अंतर जसेच्या तसे परत येते. ज्यांना सीट पुढे घेऊन बसणे मानवते त्यांना उभ्या कोनाचा खरोखर फायदा होतो. इतरांनी टॉप ट्यूबचा आकडा बाजूला ठेवून रीच पाहावा.

कंपन्या असे का करतात, यालाही कारण आहे. पुढचे चाक सर्व साइजना तेवढेच मोठे असते. फ्रेम एका मर्यादेपेक्षा आखूड केली तर ते चाक स्वाराच्या पावलांना आणि डाउन ट्यूबला (हेड ट्यूबपासून बॉटम ब्रॅकेटकडे उतरणाऱ्या नळीला) भिडू लागते. मग रीच कमी करण्याला आळा बसतो आणि कोन बदलून मार्ग काढला जातो. हेड ट्यूबही याच कारणाने अधिक तिरकी केली जाते, जी वरच्याच उदाहरणात ५६ साइजला ७३.५ अंश आणि ४४ साइजला ७०.५ अंश आहे. यामुळे हँडलच्या वळण्याचा स्वभाव बदलतो. ट्रेल, म्हणजे चाकाचा जमिनीला टेकणारा बिंदू वळणाच्या आसापासून जेवढा मागे असतो ते अंतर, ५६ साइजला सुमारे ५५ मिलिमीटर असेल तर ४४ साइजला ७० मिलिमीटरच्या आसपास जाते. त्यामुळे छोटी सायकल वेगात अधिक स्थिर वाटते, पण अगदी मंद वेगात हँडल एका बाजूला पडू पाहते. पहिल्या फेरीत हे जाणवले तर सायकल सदोष आहे असे समजू नये, थोड्या सरावाने हात त्याला रुळतात.

दोन फ्रेमचे स्टॅक वेगवेगळे असतील तर रीचची तुलना कशी करावी?

हेड ट्यूब तिरकी असल्यामुळे हँडल स्पेसर (स्टेमखाली बसवायच्या चकत्या) घालून वर नेले की ते थोडे मागेही येते. दहा मिलिमीटर वर नेल्यास सुमारे तीन मिलिमीटर मागे, हा हिशेब पुरेसा अचूक आहे. समजा एका फ्रेमचा स्टॅक ५०० आणि रीच ३६६ आहे, तर दुसरीचा स्टॅक ५२० आणि रीचही ३६६ आहे. पहिलीवर २० मिलिमीटर स्पेसर घालून हँडल दुसरीच्या उंचीवर आणले तर तिथे तिचा रीच ३६० होतो. तक्त्यात दोन्ही सारख्या दिसल्या तरी पहिली फ्रेम सहा मिलिमीटरने आखूड आहे. अर्थात एवढे स्पेसर लावण्याइतका फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा) दांडा हेड ट्यूबच्या वर शिल्लक असला पाहिजे. कार्बनच्या दांड्यावर किती स्पेसर चालतात याची मर्यादा निर्मात्याने ठरवून दिलेली असते आणि ती ओलांडू नये.

सीटची उंची किती असावी? आणि फ्रेम त्या उंचीला पुरेशी लहान आहे हे कसे कळेल?

इनसीमला ०.८८३ ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मिळते, ही रीत फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्या संघातून पुढे आली आणि त्या संघातले स्वार ग्रेग लेमाँड यांनी ती जगभर लोकप्रिय केली. इनसीम ७० सेंटीमीटर असेल तर उत्तर जवळपास ६१.८ सेंटीमीटर येते. हा आकडा जुन्या जाड पेडलांच्या आणि बुटांच्या काळातला असल्यामुळे, आणि त्यात क्रँकच्या लांबीचा विचार नसल्यामुळे, त्याला आरंभबिंदू मानावे. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहतो का, आणि पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत नाही ना, हे पाहून पाच-पाच मिलिमीटरने फेरफार करावा.

बहुतेक फ्रेमवर सीट एवढी खाली येते. मात्र हल्ली अनेक कार्बन फ्रेमचा सीटपोस्ट (सीट ज्यावर बसते तो दांडा) गोल नसून विशिष्ट आकाराचा असतो, आणि सीट ट्यूबमधल्या बाटलीच्या स्क्रूला किंवा आतल्या वळणाला अडून तो एका हद्दीखाली जातच नाही. विकत घेण्यापूर्वी सीटची किमान उंची किती हे विचारावे.

सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिल्यावर टॉप ट्यूब किती खाली असावी?

सायकलिंगचे बूट घालून उभे राहिल्यावर दोन ते पाच सेंटीमीटर मोकळी जागा पुरते. जुन्या समांतर टॉप ट्यूबच्या सायकलींमध्ये हे माप निर्णायक होते. आजच्या उतरत्या टॉप ट्यूबमुळे कितीतरी मोठी फ्रेमही या परीक्षेत उत्तीर्ण होते. त्यामुळे ‘पाय आरामात टेकतात, म्हणजे साइज बरोबर आहे’ हा निष्कर्ष काढू नये.

मी दोन साइजच्या मधोमध येतो. लहान घ्यावी की मोठी?

कमी उंचीच्या स्वाराने बहुतेक वेळा लहान घ्यावी. लहान फ्रेमवर सीट वर काढता येते, स्टेम दहा मिलिमीटरने लांब लावता येतो आणि सायकल चालते. मोठ्या फ्रेमचा रीच मात्र कापता येत नाही. अपवाद एकच आहे: लहान फ्रेमचा स्टॅक इतका कमी असेल की हँडल सीटच्या बरेच खाली जाईल आणि ते वर आणायला चार-पाच सेंटीमीटर स्पेसर लागतील, तर त्या मॉडेलऐवजी अधिक स्टॅक असलेले दुसरे मॉडेल शोधावे. त्याच मॉडेलचा मोठा साइज घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या, एंड्युरन्स म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलींत स्टॅक अधिक आणि रीच कमी असतो. शर्यतीचा विचार नसेल तर आधी याच पाहाव्यात.

विक्रेता म्हणतो की थोडी मोठी फ्रेम घ्या, स्टेम लहान लावून देतो. हे योग्य आहे का?

काही प्रमाणात योग्य आहे. मूळ स्टेम ९० किंवा १०० मिलिमीटरचा असेल आणि ८० चा लावून सायकल बसत असेल तर काहीच हरकत नाही. छोट्या साइजवर ७० मिलिमीटरचा स्टेमही व्यवस्थित चालतो. पण हिशेब ६० च्याही खाली जाऊ लागला आणि शिवाय सीट रुळांवर पूर्ण पुढे ओढावी लागत असेल, तर फ्रेम मोठी आहे असे स्पष्टपणे समजावे. सीट पुढे ओढून हँडल गाठणे हा तर चुकीचाच मार्ग आहे, कारण सीटची जागा पायांनुसार ठरते, हातांनुसार नव्हे. ती जास्त पुढे गेली की शरीराचा भार तळहातांवर येतो आणि गुडघ्यांवरचा ताण वाढतो.

हँडल आणि स्टेम एकसंध असलेल्या सायकलींबाबत अधिक सावध राहावे. तिथे स्टेम बदलणे म्हणजे संपूर्ण हँडल बदलणे, आणि बऱ्याचदा आतून नेलेल्या ब्रेकच्या नळ्या सोडवून पुन्हा जोडणे असते. अशी सायकल घेताना योग्य लांबीचे हँडल खरेदीच्या वेळीच बसवून मागावे.

क्रँकची लांबी महत्त्वाची आहे का?

होय, आणि या बाबतीत कमी उंचीच्या स्वारांवर दीर्घकाळ अन्याय झाला आहे. १९० सेंटीमीटर उंचीच्या स्वाराला १७५ मिलिमीटरचा क्रँक दिला जातो आणि १५२ सेंटीमीटर उंचीच्या स्वाराला १६५ किंवा १७० मिलिमीटरचा. उंचीत वीस टक्के फरक, पण क्रँकमध्ये फार तर सहा टक्के. परिणामी, पेडल वरच्या टोकाला आले की आखूड पायांचा गुडघा छातीकडे खूप दुमडतो, कंबरेच्या सांध्यात जागा उरत नाही आणि स्वार हँडलच्या खालच्या भागावर वाकून बसू शकत नाही.

आखूड क्रँकने ताकद कमी होते ही समजूत फारशी टिकत नाही. मार्टिन आणि स्पिर्दुसो यांच्या २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२० ते २२० मिलिमीटरपर्यंतचे क्रँक तपासले गेले आणि एवढ्या मोठ्या पल्ल्यातही सर्वोच्च शक्तीत सुमारे चारच टक्के फरक पडला. १४५ आणि १७० मिलिमीटर या दोन्ही लांबींवर निकाल उत्तम होते. २०२४ साली व्यावसायिक स्वार तादेय पोगाचार यांनी १६५ मिलिमीटरचे क्रँक वापरून टूर दि फ्रान्स जिंकल्यावर आखूड क्रँकची मागणी वाढली आणि त्याचा लाभ कमी उंचीच्या स्वारांनाही मिळतो आहे. मोठ्या कंपन्यांचे १६० मिलिमीटरचे क्रँक आता सहज मिळतात, त्याहून आखूड हवे असल्यास थोडा शोध घ्यावा लागतो.

इनसीम ७२ सेंटीमीटरहून कमी असेल तर १६० किंवा त्याहून आखूड क्रँकचा विचार जरूर करावा. १७० वरून १६० वर आल्यास सीट दहा मिलिमीटर वर घ्यावी. पेडल वरच्या टोकाला दहा मिलिमीटर खाली आले आणि सीट दहा मिलिमीटर वर गेली, म्हणजे गुडघ्याला एकूण वीस मिलिमीटर अधिक मोकळीक मिळते. पेडलांवरची तरफ थोडी कमी झाल्याने चढावर एक गिअर हलका वापरावा लागतो, एवढेच.

वळताना माझ्या बुटाचे टोक पुढच्या टायरला लागते. सायकल धोकादायक आहे का?

छोट्या फ्रेमवर हे फार सर्वसामान्य आहे. बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचे अंतर ५७५ मिलिमीटर आहे असे धरू. २८ मिलिमीटर टायर असलेल्या ७००सी (रोड बाइकच्या नेहमीच्या आकाराच्या) चाकाची त्रिज्या सुमारे ३३९ मिलिमीटर असते, म्हणजे टायरपर्यंत २३६ मिलिमीटर उरतात. १६५ चा क्रँक आणि पेडलच्या आसापुढे आलेला नव्वद-शंभर मिलिमीटर बूट मिळून २५५ ते २६५ मिलिमीटर होतात. चाक सरळ असताना पाऊल त्याच्या बाजूने निघून जाते, हँडल बरेच वळवले तरच ते टायरच्या वाटेत येते.

नेहमीच्या वेगात हँडल तेवढे वळतच नाही, कारण वळण झुकून घेतले जाते. धोका असतो तो पाऊलगतीने अरुंद जागेत मागे फिरताना. तिथे पेडल मारणे थांबवून, बाहेरच्या बाजूचा पाय खाली किंवा मागे ठेवून वळावे. नवख्या स्वाराने हा सराव मोकळ्या जागेत आधी करून घ्यावा. क्रँक १५५ चा केला तर दहा मिलिमीटर मिळतात, क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारी तळव्याखालची पट्टी) बुटावर थोडी पुढे घेतली तरी काही मिलिमीटर मिळतात. मात्र क्लीटची जागा पावलाच्या सोयीनुसारच ठरवावी. केवळ हे टाळण्यासाठी एक साइज मोठी फ्रेम घेऊ नये, कारण वर्षातून क्वचित घडणाऱ्या गोष्टीसाठी रोजची पाठदुखी पत्करणे हा वाईट सौदा आहे.

छोट्या साइजला छोटी चाके असलेली सायकल चांगली नव्हे का?

रचनेच्या दृष्टीने तीच अधिक प्रामाणिक वाट आहे, असे मला वाटते. अमेरिकेतील जॉर्जीना टेरी यांनी १९८५ मध्ये स्त्रियांसाठी सायकली बनवणारी कंपनी काढली आणि छोट्या साइजना पुढे २४ इंची व मागे पूर्ण आकाराचे चाक दिले. त्यामुळे कोन न बिघडवता फ्रेम खरोखर आखूड करता आली. पुढे ६५०सी या ७००सीपेक्षा लहान चाकांचा काळ आला, आणि २०१७ च्या सुमारास कॅनियन कंपनीने आपल्या काही मॉडेलच्या सर्वांत छोट्या साइजना ६५०बी ही तशीच लहान चाके दिली. २८ मिलिमीटर टायरसह ६५०बी चाकाची त्रिज्या ७००सीपेक्षा १९ मिलिमीटर कमी असते. एवढ्याने पावलाची अडचण जवळपास सुटते आणि हँडलही खाली आणता येते.

व्यवहारातली बाजूही लक्षात घ्यावी. रोड बाइकला शोभतील असे अरुंद ६५०बी टायर मोजकेच मिळतात, ६५०सीचे तर त्याहून दुर्मीळ आहेत, आणि गटाने लांब जाताना सोबत्याची जास्तीची ट्यूब किंवा चाक तुमच्या कामी येत नाही. चाक लहान असल्याने प्रत्येक गिअर पाच-सहा टक्के हलका होतो, जे बहुतेकांना हवेच असते. माझे मत असे की उंची १५० सेंटीमीटरच्या खाली असेल तर छोट्या चाकांची सायकल आवर्जून शोधावी. १५५ च्या वर असेल तर नीट निवडलेली ७००सी फ्रेम आणि आखूड क्रँक यांवर काम भागते.

हँडल आणि ब्रेक लीव्हर यांबाबत काय पाहावे?

हँडललाही स्वतःचा रीच असतो, म्हणजे मधल्या आडव्या भागापासून ते किती पुढे जाते ते अंतर. ८५ मिलिमीटर रीचचे हँडल बदलून ७० चे लावले तर स्टेम पंधरा मिलिमीटरने आखूड केल्याइतका फरक पडतो, आणि फ्रेम बदलण्याचा विचार करण्याआधी हा उपाय करून पाहण्यासारखा आहे. रुंदी खांद्यांच्या हाडांमधल्या अंतराइतकी किंवा थोडी कमी असावी. छोट्या फ्रेमवर सर्रास येणारे ४० सेंटीमीटरचे हँडल ३४ सेंटीमीटर खांद्यांच्या व्यक्तीला फार रुंद होते. जे अधिकृत शर्यतींत भाग घेतात त्यांनी मात्र युसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम पाहावा, कारण १ जानेवारी २०२६ पासून सामूहिक रोड शर्यतींत हँडलची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी किमान ४०० मिलिमीटर असावी असे ठरले आहे.

ब्रेक लीव्हर हा सुरक्षिततेचा विषय आहे आणि त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. हँडलच्या खालच्या वळणात हात ठेवून तर्जनी सरळ करावी. तिचे पहिले पेर लीव्हरला पूर्ण आकड्यासारखे अडकले पाहिजे. केवळ बोटाचे टोक लागत असेल तर उतारावर पुरेसा जोर देता येणार नाही. आजच्या बहुतेक लीव्हरमध्ये त्यांना हँडलच्या जवळ आणण्याचा छोटा स्क्रू असतो, जो बऱ्याचदा हुडच्या (लीव्हरच्या वरच्या, हात ठेवण्याच्या मुठीच्या) रबराखाली किंवा लीव्हरच्या वरच्या बाजूला दडलेला असतो. लीव्हर जवळ आणल्यावर ब्रेक पूर्ण लागण्याआधी तो हँडलला टेकत नाही ना, हेही तपासावे.

स्त्रियांनी स्त्रियांसाठीचीच फ्रेम घ्यावी का?

आवश्यक नाही. स्पेशलाइज्डने रेट्यूल या आपल्या फिटिंग यंत्रणेत जमलेल्या मापांचा आधार देऊन २०१९ मध्ये स्त्रियांसाठी वेगळ्या फ्रेम बनवणे थांबवले. स्त्री-पुरुषांतल्या फरकापेक्षा दोन व्यक्तींमधला फरक मोठा असतो, असे त्यामागचे म्हणणे होते. दुसरीकडे जायंटच्या लिव या ब्रँडने स्त्रियांसाठी स्वतंत्र रचना सुरूच ठेवली आहे. फ्रेमचे लेबल काहीही असो, स्टॅक आणि रीच जुळत असतील तर ती तुमची फ्रेम आहे, आणि हे कमी उंचीच्या पुरुषांनाही तितकेच लागू आहे. सीट मात्र प्रत्येकाने स्वतःच्या बसण्याच्या हाडांच्या रुंदीनुसार वेगळी निवडावी.

उंची कमी असली की रोड बाइकवर वेग मर्यादितच राहतो का?

नाही. १५९ सेंटीमीटर उंचीच्या सॅम्युएल द्यूमुलाँ यांनी २००८ च्या टूर दि फ्रान्समध्ये नाँत येथे टप्पा जिंकला होता.

प्रत्यक्ष चालवून पाहताना नेमके काय तपासावे?

आधी सीट आपल्या उंचीला लावून घ्यावी, त्याशिवाय केलेली फेरी निरर्थक आहे. मग किमान वीस मिनिटे चालवावी, कारण पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक प्रत्येक नवी सायकल छान वाटते. हुडवर हात ठेवले असताना कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजेत. कोपर ताठ होत असतील, खांदे कानांकडे उचलले जात असतील किंवा नकळत हात हुडवरून मागे आडव्या भागावर येत असतील, तर अंतर जास्त आहे. तळहातात मुंग्या येणे आणि मानेच्या मुळाशी आवळल्यासारखे वाटणे ही त्याचीच पुढची लक्षणे आहेत. सपाट रस्त्यावर क्षणभर हातांवरचा भार काढून पाहावा. शरीर पुढे कोसळत असेल तर सीटची जागा पुन्हा तपासावी. गुडघे वर येताना पोटाला किंवा बरगड्यांना लागत असतील तर क्रँक लांब आहे.

सायकल जुनी घेत असाल आणि तिचा तक्ता मिळत नसेल तर सपाट जमिनीवर मागचे चाक भिंतीला टेकवून ती सरळ उभी करावी. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंतचे आणि भिंतीपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. दुसऱ्यातून पहिले वजा केले की रीच मिळतो. तसेच जमिनीपासून हेड ट्यूबच्या टोकाच्या उंचीतून बॉटम ब्रॅकेटच्या मध्याची उंची वजा केली की स्टॅक मिळतो. मोजताना सायकल जराही कललेली नसावी आणि दोन्ही टायरमध्ये हवा पुरेशी असावी, अन्यथा सेंटीमीटरभराची चूक होऊ शकते, आणि छोट्या फ्रेममध्ये एक सेंटीमीटर म्हणजे जवळपास एका साइजचा फरक असतो.